योगीराजांची तेजाची सुई

शहाण्णवच्या उन्हाळ्यात धारूरच्या किल्ल्याखाली योगीराज महाराजांचा मांडव पडला आणि पंचक्रोशी लोटली. पुरुषाचं तेज आटलं की आठवण आटते, ते तेज मी सुईतून परत घालतो, असं महाराज सांगत. तेज आणतात कुठून, हे कुणी विचारलं नाही.

माजलगावचे भुसार व्यापारी अण्णाराव बायकोलाही ओळखेनासे झाले होते. धाकटा भाऊ बंकट त्यांना सुईसाठी आणू लागला. अण्णारावांच्या चेहऱ्यावर लाली आली, ते ताठ बसू लागले. भर मांडवात महाराजांनी त्यांना तालमीतला जोडीदार विचारला, वडिलांच्या बैलांची नावं विचारली. त्यांनी धडाधड सांगितली; एकेक नाव बरोबर आहे, असं महाराज सांगत गेले. लोक हात जोडून उभे राहिले. त्यांच्या बायकोनं, गंगासागरबाईंनी, महाराजांचे पाय धरले.

घरी मात्र अण्णाराव हात उगारू लागले होते. तेज परतताना असं व्हायचंच, असं महाराज म्हणाले. बाईंनी सोसलं.

बीडला डॉक्टर असलेली लेक कावेरी आली, तिनं आईच्या दंडावरचे वळ पाहिले. मांडवामागं फेकलेली सुईची बाटली उचलली. पुरुषांच्या हार्मोनचं साधं औषध, कुठल्याही मेडिकलात मिळणारं. पुढच्या दर्शनाला ती वडिलांशेजारी बसली.

"आप्पा, सकाळी काय खाल्लं?"

त्यांनी महाराजांकडं पाहिलं.

"मी कोण?"

"तुमी मास्तरांच्या घरच्या का?"

कावेरीनं लोकांना समजावलं, की या आजारात नवं आधी पुसतं, जुनं शेवटी. महाराज फक्त जुनंच विचारतात. औषधानं अंगात जोम येतो, डोकंही तापतं. गेलेली आठवण त्यानं परत येते, याला पुरावा नाही.

महाराज देवाच्या कोपाचं बोलू लागले. गंगासागरबाई बंकटकडं बघत होत्या.

"भावजी, बैलांची नावं तुमा दोघा भावांनाच ठाऊक. महाराजाला कुणी सांगितली?"

बंकटनं मान खाली घातली. भाऊ शुद्धीवर आलाय हे चारचौघांनी पाहिल्याशिवाय दुकान स्वतःच्या नावावर करून घेतलेली त्याची सही टिकली नसती, हे त्यानं हळूहळू कबूल केलं.

"तुमाला मी लेकरासारखं वाढवलं," बाई म्हणाल्या. "मार खात राहिले मी. तुमी बघत होता."

सुया थांबल्यावर अण्णारावांचा राग ओसरला. आठवण आली नाही. बाई रोज त्यांना आपलं नाव सांगतात. बंकटला घरात घेत नाहीत.

तुमच्या घरात असा म्हातारा असेल तर मांडवात नेऊ नका. डॉक्टरकडे न्या, बाटलीत काय आहे ते विचारा. आणि चमत्कार दिसलाच, तर त्या म्हाताऱ्याला आजचा वार विचारून बघा.