वेढ्याचा भाग

"आता बघ हं, मदत येते," म्हणत तिने लेकीला आणखी जवळ ओढलं.

लहानपणी दर रविवारी ती बाबांच्या मांडीवर बसून हीच ऐतिहासिक मालिका टेपवर बघायची. बाबांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. तिथल्या रेकॉर्डरवर त्यांनी सगळे भाग उतरवून घेतले होते. वेढ्याच्या भागात किल्ल्यातलं धान्य संपायचं, म्हातारा दरवान अडसराला पाठ लावून बसायचा आणि टेप तिथेच संपायची. पडद्यावर नुसत्या मुंग्या. "मग काय, मदत आली! सगळे वाचले," बाबा सांगायचे. बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आज तोच भाग तिने शोधून काढला होता, कारण घर खायला उठलं होतं. काल दवाखान्यात डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन बाबांबद्दल सांगितलं होतं: दोन दिवस, फार तर तीन, कुणाला भेटवायचं असेल तर भेटवून घ्या. सात वर्षांच्या लेकीला मात्र दोन आठवडे एकच उत्तर. आजोबा कामासाठी बाहेरगावी गेलेत.

भाग तिथे थांबला नाही. अडसर मोडला. दरवान उठला तो पडण्यासाठीच. मग अंगण, विहीर, पायऱ्या. कुणीच हलत नव्हतं. रिमोट नेमका उशांच्या फटीत गेलेला.

"कुठे आली मदत?"

"नाही आली."

"मग तू कशाला म्हणालीस?"

"मला आजोबांनी सांगितलं होतं." बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं. टेप संपत नव्हती. बाबांनीच रेकॉर्डर बंद केला होता.

"म्हणजे आजोबांनी थाप मारली." लेकीने पर्सकडे पाहिलं. "आई, त्यांचा चष्मा तुझ्या पर्समध्ये आहे. त्याच्याशिवाय त्यांना स्क्रूसुद्धा दिसत नाही. मग कामाला कसे गेले?"

"कधी पाहिलास?"

"कधीचाच. तू रोज डोळे सुजवून यायचीस, म्हणून नाही विचारलं."

भेटीची वेळ चारची. साडेतीन वाजले होते. तिने टीव्ही बंद केला.

"बूट घाल. दवाखान्यात जायचंय."

"आजोबा मला ओळखतील?"

'हो तर!' अगदी ओठांवर आलं होतं. "माहीत नाही गं," ती म्हणाली.

लेकीने मान हलवली, पर्समधून चष्मा काढला आणि फ्रॉकच्या टोकाने काचा पुसायला घेतल्या.