चाकामागची जागा

"ही बाई नुसती चिकटलीय. जळू परवडली."

डेंटिस्ट हे टपालवालीला म्हणाला, मला नाही. पण तीन सायकली एकमेकींच्या हातभर अंतरावर पळत असताना कुजबुज म्हणून काही उरत नाही.

"मला ऐकू येतं हं," मी म्हणाले.

"मग पुढे येऊन ओढा की! की आम्ही तुमचे हमाल?"

बिचाऱ्याचं काही चुकत नव्हतं. चाळिशीच्या पुढच्यांची शर्यत, बायका-पुरुष सगळे एकत्र, एकाच वाटेवर ठरलेल्या फेऱ्या. पाण्याच्या टाकीच्या चढावर आम्ही तिघं घोळक्यातून सुटलो आणि पुढे निघालो. अशा वेळी कामाची वाटणी ठरलेली असते. पुढचा वारा फोडतो, मागचे त्याच्या आडोशाला दम खातात, मग पाळी बदलते. पाळ्या नीट लागल्या तर तिघं जण अख्ख्या घोळक्याला पुरून उरतात. एकानं अंग चोरलं की उरलेले दोघं दमतात आणि मागचे येऊन सगळ्यांना गिळतात. अंग चोरणारी मी होते. डेंटिस्ट किंवा टपालवाली पाळी संपवून मागे आली की मी अदबीनं जागा करून द्यायची, "या, या" म्हणायची, आणि पुन्हा शेवटच्या चाकामागे.

मी कामचुकार नाही. ती आमच्या क्लबची रीत होती. आमच्यातलं कुणी पुढे सुटलं तर त्यानं ओढायचं नाही. मागे बसून कॅप्टनची वाट बघायची. कॅप्टन मागून येणार, मग वाचवलेला सगळा दम त्यांच्यासाठी खर्च करायचा आणि ते जिंकणार. कॅप्टन म्हणजे माझे थोरले दीर. रीत त्यांनीच घालून दिली होती, आणि तेव्हा ती चांगलीही होती, कारण तेव्हा ते खरंच यायचे. मागून त्यांच्या साखळीचा आवाज आला की अंगावर काटा यायचा.

आमचा क्लब रविवारी माझ्या दुकानात जमतो. मी पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते. फेरी मारून आलेली घामट मंडळी फोमच्या गुंडाळ्यांवर बसतात, मी कुरकुरते, कुणी उठत नाही. भाऊजी माझ्या कापायच्या टेबलावर माझ्याच खडूनं पुढच्या शर्यतीचा नकाशा काढतात. नंतर तो मी पुसते. गेली दोन वर्षं नकाशात शेवटी पुढे पोचणारा बाण रस्त्यावर काही पोचत नव्हता. कधी साखळी कुरकुरत होती. कधी जाऊबाईंनी सांगितलं, झोप झाली नव्हती हो. माझ्या नवऱ्यानं एकदा नव्या चष्म्यावर ढकललं. मी तर त्यांच्या सीटला मऊ कव्हर शिवून दिलं, म्हणजे दोष सीटचा होता असं आपोआप ठरलं.

कालव्याच्या सरळ रस्त्यावर मी मागे वळून पाहिलं. घोळक्यापासून दोन ठिपके सुटले होते. पुढचा रुंद, तो माझा नवरा. त्याच्या आडोशाला वाकलेले भाऊजी.

"येतायत," मी म्हणाले.

"कोण?" टपालवालीनं विचारलं.

"आमचे कॅप्टन."

तिनं मान वळवली. रोज सायकलवर पिशवी लादून हिंडणारी बाई, अंतराचा अंदाज तिच्या नजरेत मुरलेला. "मागच्या फेरीतही येतच होते," ती म्हणाली. "तेवढेच लांब."

खरं सांगायचं तर माझे पाय खुशीत होते. लाज वाटावी इतके खुशीत. श्वास लागत होता, पण आत अजून बरंच काही शिल्लक आहे हे कळत होतं, जसं कापड बेतताना हाताला कळतं की पुरणार आहे. मला कप नको होता, फोटो नको होता. मला एकदा, आयुष्यात एकदा, शेवटच्या रेषेपर्यंत पुढे राहायचं होतं. आणि बसून राहिले असते तर घोळका आम्हाला धरणार होता, भाऊजींसकट सगळ्यांना.

शाळेच्या भिंतीशी जाऊबाई बाटल्या घेऊन उभ्या होत्या. दरवेळी त्या आमच्याबरोबर चार पावलं धावतात आणि ओरडतात, "थांब गं, येतायत ते!" मी हात पुढे केला. त्या धावल्या, बाटली हातात दिली. क्षणभर आमची नजर भिडली.

"आधी पाणी पी," एवढंच म्हणाल्या.

पुढचं वाक्य आलंच नाही. मी थोडं पाणी प्यायले, उरलेलं मानेवर ओतलं आणि डेंटिस्टच्या शेजारून पुढे गेले.

वारा तोंडावर आदळला. इतक्या वेळात पहिल्यांदाच. मी वाकले आणि ओढलं.

"अहो बाई!" मागून डेंटिस्ट ओरडला. "जरा दमानं! मघाशी गंमत केली मी!"

"आता कोण चिकटलंय?" टपालवालीनं विचारलं, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की सायकली डुगडुगल्या.

त्यानंतरचं फार सुंदर होतं. गिरणीची लांबच लांब भिंत, कुंपणावर वाळत घातलेल्या चादरी, दारात खुर्ची टाकून बसलेला एक म्हातारा. पाळी संपली की कोपर हलवून मी बाजूला व्हायची, मागचा पुढे यायचा, कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. डेंटिस्टचं तोंड इतकं उघडं होतं की कुणीही त्याच्या दाढा तपासल्या असत्या. टाकीच्या शेवटच्या चढावर मी पुन्हा मागे पाहिलं. दोन ठिपके नव्हते. घोळक्यानं त्यांना गिळलं होतं आणि घोळका आमच्यापासून लांब होता. माझे पाय मात्र थांबले नाहीत.

रेषा दिसली तेव्हा शेवटचा जोर लावायला मी पहिली सीटवरून उठले, आणि थोडी आधीच उठले. टपालवाली माझ्या बाजूनं सुईसारखी निघून गेली. दारोदार थांबून पुन्हा निघणं हा जिचा रोजचा धंदा, तिला निघण्यात कोण हरवणार? मी दुसरी. डेंटिस्ट तिसरा, आणि उतरताच म्हणाला, "दोघी ठरवून आला होतात. तक्रार करतो." मग त्यानं आम्हाला त्याच्याकडची केळी दिली.

मी शाळेच्या भिंतीच्या सावलीत गवतावर पाठ टेकली. मांड्या आपोआप थरथरत होत्या. आभाळ अगदी साधं होतं आणि मला फार आवडलं. जाऊबाईंनी माझ्या तोंडावर ओला टॉवेल टाकला आणि तो नीट करायच्या निमित्तानं माझा गाल दाबला.

घोळका आला. आमची मंडळी एकेक करून जमली. भाऊजी सायकल हातात धरून माझ्यापाशी आले. मी उठून बसले.

"थांबायचं ठरलं होतं ना?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. वस्तू जागेवर नसली की माणूस विचारतो, तसं.

"हो, भाऊजी."

कुणी स्वतःचा ब्रेक तपासू लागलं. कुणाच्या बुटाची पट्टी सुटली. जाऊबाई घडी घातलेल्या टॉवेलची पुन्हा घडी घालू लागल्या.

"वारा समोरून होता," भाऊजी सगळ्यांना म्हणाले. "नाहीतर पोचलोच होतो मी."

"होता, होता," दोन-तीन माना हलल्या. माझीही हलायला निघाली होती.

माझा नवरा फूटपाथच्या कडेवर बसला होता. चेहऱ्यावर घामाचं मीठ वाळलेलं. थोरल्या भावाच्या शब्दापुढे हा माणूस कधी गेलेला नाही. लहानपणी शर्ट कुठला घालायचा तेही दादाच ठरवायचा, असं स्वतःच कौतुकानं सांगतो. त्यानं बाटली खाली ठेवली.

"वारा तुला कुठे लागला, दादा?" तो हळूच म्हणाला. "वाऱ्यात मी होतो. तू माझ्या आडोशाला होतास, तरी मागे पडत होतास. मी तुझ्यासाठी दोनदा हळू झालो." त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा भावाकडे. "ती तुझ्यापेक्षा जोरात चालवते, दादा. आजच नाही. केव्हापासूनच."