मुठ्याचा तांबडा काटा

मित्रांनो, माझ्या गोष्टीवर तुमचा विश्वास बसणार नाही, पैज लावा! मी एक जुना मुठ्या आहे, म्हणजे माणसाच्या मुठीतली ताकद मोजणारं यंत्र. मला पोलादी दांडा, गोल तबकडी आणि दोन काटे आहेत. मूठ सुटली की काळा काटा परत येतो. तांबडा मात्र गाठलेल्या आकड्यावरच थांबतो, कुणी बोटाने शून्यावर आणेपर्यंत. तरुणपणी एका पैलवानाने मला असं आवळलं, की भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं मागे गेलं! खणातलं स्टॉपवॉच साक्षीला आहे. फक्त ते बोलतं कमी.

आमच्या खोलीत मूळपेशींच्या प्रत्यारोपणाआधी रोगी येतात. आधी जहाल औषधांनी हाडांतली जुनी मज्जा रिकामी करतात, मग नव्या मूळपेशी देतात. ते शरीराला झेपेल का, हे नुसतं वय विचारून कळत नाही. म्हणून फिजिओताई त्यांना चालवतात, हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठवतात आणि शेवटी मला त्यांच्या हातात देतात. तीनदा दाबलं की संपलं. काचेच्या दाराआडच्या वॉर्डात पुढे त्यांचं काय होतं, मला कुणी सांगत नाही. हजारोंनी माझा हात धरला. परत भेटायला कुणी आलं नाही. खणात पडल्या पडल्या मी त्यांचे आकडे आठवतो. चेहरे केव्हाच पुसट झाले.

एकदा एक निवृत्त शिवणबाई आल्या. चार महिने त्या दाखल होण्याची वाट पाहत होत्या. सोबत जावई होते. गंमत म्हणून आधी त्यांनीच मला दात-ओठ खाऊन दाबलं.

"चोवीस किलो," ताई म्हणाल्या.

"चोवीसच? तरीच घरी डब्यांची झाकणं माझी लेक उघडते, जावईबापू!"

ताई हसल्या, तेवढ्यात फोन वाजला आणि तांबडा काटा मागे आणायचा राहिला. मग शिवणबाईंनी दाबलं. काळा काटा जेमतेम अकरापर्यंत चढला. फोन ठेवून ताईंनी पाहिला तो तांबडा काटा.

"वा आजी, चोवीस! डॉक्टर पुढच्याच आठवड्यात दाखल करून घेतील."

त्या आकड्याच्या भरवशावर औषधाची पूर्ण मात्रा दिली असती, तर बाई वाचल्या नसत्या! मित्रांनो, मी जीव एकवटला आणि तांबडा काटा स्वतःच्या बळावर सर्रकन अकरावर आणला! ताईंनी चोवीस खोडलं. डॉक्टरांनी औषधाची मात्रा कमी ठरवली. दीड महिना व्यायाम आणि नीट जेवण करायला सांगितलं. मग सतरा किलो दाबून बाई काचेच्या दाराआड गेल्या.

म्हणून विनवणी आहे, मला हातात घेण्याआधी तांबडा काटा शून्यावर आणत जा. आणि म्हाताऱ्या यंत्राला अडगळ समजू नका. त्या दिवशी मी नसतो तर—

"थापाड्या!" खणातून स्टॉपवॉच ओरडलं. "तू चोवीसवर चिकटून बसला होतास! बाईच म्हणाल्या, 'ताई, चोवीस जावयाचे. दाखल व्हायची घाई मलाच आहे, पण माझं पुन्हा मोजा.'"