कामाचे कपडे

मुलीने काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि डॉक्टरबाईंवर आणखी एक प्रश्न टाकला. अकरावीत गेल्यापासून तिला कुणाची म्हणून भीड उरली नव्हती.

“उजवीकडचं हे पांढरं, हेच ना?”

“हेच. फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. आता तो आवरण ओलांडून छातीच्या भिंतीत शिरलाय. म्हणून तिसरा टप्पा.”

“तिसरीत मी दोनदा बसलो होतो,” बाबा म्हणाले. “चौथीत ढकलायची घाई नको.”

शेजारी बसलेल्या आईने त्यांना कोपराने ढोसलं. मुलीने रेटलं, “मग ऑपरेशन?”

“आता उपयोग नाही. औषधांनी वेळ वाढतो. बरेच जण वर्षभर काढतात, थोडं मागेपुढे. काही जास्तही. यांचं नेमकं मला सांगता येणार नाही.” त्या बाबांकडे वळल्या. “काम काय करत होतात?”

“वाफेच्या नळांना अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळायचो. उभी हयात.”

“त्याचेच तंतू. आत जाऊन वर्षानुवर्षं गप्प बसतात.”

बाबांनी आईकडे पाहिलं. “अगं, घशाला कोरड पडलीय. खाली चहा मिळतो का बघ ना.”

ती गेली. दार लागेपर्यंत ते थांबले.

“घरी कपडे धुणाऱ्यालाही होतो का हा?”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. “होऊ शकतो. तुमच्याइतका धोका नाही, पण असतो. कपडे घरी यायचे?”

“कारखान्यात धुलाई होती. सगळे तिथेच टाकायचे. नखरे माझेच. हिच्या हातचेच कपडे लागायचे मला. वर सांगायचो, आधी अंगणात चांगले झटक, मग भिजव.” त्यांचे हात मांडीवर उताणे पडले होते.

मुलीने फिल्म खाली घेतली.

“त्यांनाही तपासून घेऊ,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“कुणाला? मला?” आई चहाचा कप घेऊन दारात उभी होती. किती ऐकलं, चेहऱ्यावरून कळेना. “मी मागेच काढून आलेय फोटो. यांचा खोकला सुरू झाला तेव्हाच. छाती स्वच्छ आहे म्हणाले.”

“मला बोलली नाहीस?”

“बोलले असते तर घर डोक्यावर घेतलं असतंत.”

बाबांचे खांदे सैल पडले. त्यांनी कपासाठी हात पुढे केला.

कुठे काढला, कुणाबरोबर गेली होतीस, मुलगी विचारणारच होती. तेवढ्यात तिला दिसलं. बाबांच्या पाठीमागे उभी राहून आई डॉक्टरबाईंकडे एकटक बघत होती आणि मान अगदी बारीक हलवत होती. नाही.

डॉक्टरबाईंनी डोकं कागदांत घातलं.

मुलगी खुर्ची ओढून बाबांजवळ बसली.

“फुंकून प्या,” ती म्हणाली. “जीभ भाजेल.”