राणीच्या मांडीवर

“सारिका, पोऱ्याले दुसरीनी मांडीवर नको बसाडू. लळा लागी जाई,” सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. दुसरी म्हणजे कोण, तर माझी थोरली जाऊ दिपमाला. तिला मूलबाळ नाही, आणि माझा कुंदन तिच्याकडे गेला की माझी कामं तरी उरकतात.

मग जळगावातल्या एका सराफाने दुकानाच्या भिंतीवर जुन्या धाटणीचं दरबारी चित्र काढून घ्यायचं ठरवलं. राणी, तिच्या मांडीवर राजपुत्र, भोवती दासी. चेहरे मात्र ओळखीच्या गिऱ्हाइकांचे. राजपुत्र म्हणून कुंदनला निवडलं, तेव्हा मी गल्लीभर सांगत सुटले. पण चित्रासाठी फोटो काढताना तो माझ्याकडे टिकेना. दिपमालाच्या मांडीवर मात्र गप्प. पेंटर मगनभाऊ म्हणाले, “असंच राहू द्या. वहिनी, तुम्ही दासी व्हा, बाजूला चवरी धरा.”

चित्र बघायला गेले, तर मी दिपमालाच्या गुडघ्याएवढी!

“मगनभाऊ, मी एवढुशी का?”

“दरबारी चित्रात ज्याचा मान मोठा, त्याचं माप मोठं. दासी लहानच.”

“अहो, मी आई आहे त्याची.”

“चित्रात नाही ना, वहिनी.”

घरी येऊन मी कुंदनला इतकं आवळलं की तो रडायला लागला. रडला तोही दिपमालाला हाका मारत, ‘मोठीआई’ म्हणून. मग मी मगनभाऊंच्या मागेच लागले. शेवटी कंटाळून त्यांनी राणीला माझा चेहरा दिला, चवरीवालीला दिपमालाचा.

उद्घाटनाला आम्ही सगळे गेलो. दिपमालाने चित्रात स्वतःला शोधलं, मग खाली वाकून बघितलं. “राणी शोभतेस हो,” एवढंच म्हणाली. मी कुंदनला उचलून विचारलं, “आई कुठेय?” चित्रातल्या माझ्या चेहऱ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. राणीच्या हातावर बोट ठेवलं. मनगटावरचं दिपमालाचं तुळशीचं गोंदण तसंच राहून गेलं होतं.

“मोठीआई!”

अख्ख्या दुकानाने ऐकलं. दिपमाला मात्र तोवर पायऱ्या उतरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती साक्रीला माहेरी निघून गेली. फोन उचलत नाही. दीर म्हणतात, येईल. कुंदन दाराकडे बघत बसतो, घास तोंडातच ठेवतो.

मी त्याला घेऊन गेले असते. पण तो तिला कसा बिलगेल, ते मला बघवणार नाही.

तुमच्यापैकी कोणी साक्रीच्या बाजाराला गेलं, तर तिच्याकडे जरा डोकावून या. गोंदणावरून ओळखाल. बरी आहे का, जेवते का, विचारा. आणि मांडीवर दुसऱ्या कोणाचं लेकरू घेऊन बसली असेल, तर तेही मला कळवा.