कोळशाने खाल्लेला कांदा

आमच्या घरात तीन माणसं: मी, बाबा आणि आत्या. चौथा कॉम्प्रेसर. तो बाहेरच्या खोलीत रात्रंदिवस घुरघुरतो आणि बाबांचा मूड त्याच्या आवाजावर ठरतो.

खरं तर तो एसीचा. बाबांनी त्यात हेलियम भरलाय, भलताच तापू नये म्हणून अंगाभोवती पाण्याची नळी गुंडाळलीय. पलीकडच्या थंड नळकांड्यावर हवेतला नायट्रोजन द्रव होऊन थेंब थेंब गळावा, एवढीच अपेक्षा. कोपऱ्यावरची त्वचेची डॉक्टरीण चामखिळी गोठवून पाडायला हा द्रव नायट्रोजन लांबून मागवते, आणि निम्मा वाटेतच उडून जातो. तयार मशीन तिला परवडत नाही. बाबांचं परवडेल. फक्त ते टिकायला हवं ना!

टिकत नाही. काही आठवडे झकास चालतं, मग कॉम्प्रेसरमधलं तेल गॅसबरोबर पुढे सरकतं, थंड टोकाला गोठतं आणि सगळं ठप्प. तेल अडवायला मध्ये कोळशाचा डबा आहे. बाबा दरवेळी नवा कोळसा घेतात, स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये भाजून कोरडा करतात. तरीही.

रविवारी सकाळी थेंब पुन्हा थांबले.

"संपलं," बाबा इतकं हळू म्हणाले की कॉम्प्रेसरच पुटपुटला असं वाटलं. "उद्या त्या एसीवाल्या कंपनीचा फोन येईल तेव्हा नोकरीला हो म्हणतो. लोकांचे एसी दुरुस्त करायचे आणि वेळेवर घरी यायचं."

"अरे, पण परवा पडत होते की थेंब," आत्या म्हणाली.

"ताई, मागच्या वेळीही पडत होते." मग माझ्याकडे न बघताच, "भोंग्या, तो डबा रिकामा कर. आणि जरा गप्प बस."

भोंगा म्हणजे मी, मुलगी असले तरी. कारण सांगायला नकोच.

डबा उघडला आणि माझं नाक टवकारलं. "बाबा, आपला कोळसा कांदा खातो का?"

"भोंग्या..."

"वास तर घ्या!"

तेलात राहून बाबांचं नाक केव्हाच बथ्थड झालंय. आत्याने वाकून हुंगलं. "अगं बाई, हा तर माझा परतलेला कांदा!"

बाबा ओव्हनकडे बघत राहिले. कोळसा भाजून झाला की ते दार उघडं टाकतात, निवायला. शेजारीच आत्याची कढई. फ्रिजमधला वास जावा म्हणून आपणच कोळशाची वाटी ठेवतो की! आमचा कोळसा डब्यात जायच्या आधीच आमच्या जेवणाच्या वाफेने पोट भरून बसायचा, मग तेलाला जागा कुठून उरणार!

"म्हणजे माझ्या स्वयंपाकाने तुझं मशीन बंद पाडलं?"

"नाही गं. दार मी उघडं ठेवायचो."

"दरवेळी?"

"दरवेळी."

मला वाटलं, आता बाबा नाचतील. ते भिंतीला टेकून खालीच बसले. "म्हणजे परत पहिल्यापासून," म्हणाले. मग आत्याने कढई उचलून कपाटात ठेवली. "आज पाव खा," म्हणाली.

नवा कोळसा गरम असतानाच डब्यात गेला, झाकण लगेच आवळलं.

सकाळी फोन आला. "नाही हो, आत्ता नाही जमणार," बाबा म्हणाले, "मशीन परत लावलंय." फोन ठेवला आणि त्या घुरघुरणाऱ्या धुडाशेजारी बसल्या बसल्याच झोपले. आत्या ओठांवर बोट ठेवून मला खुणावत होती. काही गरज नव्हती. मी आधीच गप्प होते.