दांड्यावरचं पीठ

त्या घरात चमचा वाजत नसे. चहा ढवळायचा तोही कपाच्या कडेला चमचा न लागू देता. बायकोला हे सत्तावीस वर्षांत जमले होते. मुलगी तर त्यातच वाढली. पाहुणे म्हणत, "किती शांत घर आहे हो तुमचं!" आणि बायको हसून आणखी चहा विचारी.

त्या दिवशी सकाळी शेफ टेबलाशी बसले होते. समोर दोन अंड्यांचे ऑम्लेट होते. त्यांनी काट्याने त्याची कड उचलली, खालची बाजू पाहिली, पुन्हा ठेवली. बायको फ्रिजला पाठ लावून उभी होती. ती नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती, त्यांच्या डाव्या खांद्याकडे पाहत होती. घरी असले तरी त्यांच्या खांद्यावर पांढरा रुमाल असे. रुमाल खांद्यावर आहे तोवर सगळे ठीक. तो खाली हातात आला, दुमडला, पुन्हा दुमडला आणि चार पदरी झाला, की बायको हातातले काम खाली ठेवी.

"मीठ," शेफ म्हणाले.

जास्त की कमी, ते त्यांनी सांगितले नाही. विचारण्याची रीत त्या घरात नव्हती. रुमाल मात्र जागचा हलला नाही. बायकोने श्वास सोडला.

मग गॅसचे सिलिंडर येणार असल्याचे सांगावे तशा आवाजात ते म्हणाले, "आजपासून पोरीला चुलीवर घेतोय. चार वाजता सही."

बायकोचा हात आपोआप स्वतःच्या उजव्या बाहीकडे गेला.

सही म्हणजे काय, हे बाहेरच्यांना माहीत असायचे कारण नाही. शेफच्या स्वयंपाकघरात कुणी भाज्या चिरण्यावरून चुलीवर गेला, किंवा बाहेर दालनात वाढायला गेला, की त्याच्या हातावर सही होई. लांब दांड्याचा पोलादी चमचा आचेवर धरायचा आणि मनगटाच्या चार बोटे वर, आतल्या नाजूक बाजूला, टेकवायचा. नखाएवढी कोर उठे. ती आयुष्यभर राही. बावीस माणसांच्या त्या स्वयंपाकघरात सही नसलेले हात फक्त तीन होते, आणि त्यांची तिथे कीव केली जाई.

शेफच्या हातावरही ती होती. तिशीच्या आत ते एका मोठ्या हॉटेलात सॉस करायला उभे राहिले तेव्हा त्यांच्या वस्तादांनी ती दिली होती. शेफ तिथेच चक्कर येऊन पडले. डोळे उघडले तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. पुढे त्यांना पदके मिळाली, मासिकांच्या मुखपृष्ठांवर त्यांचा चेहरा आला, अकरा खुर्च्यांच्या एका खोलीतून ते आजच्या काचेच्या दालनापर्यंत पोहोचले. तिथे जेवायचे तर तीन महिने आधी नाव द्यावे लागे. पण तशा टाळ्या त्यांना पुन्हा ऐकू आल्या नाहीत. भीती गेली तर हातातली धार जाईल, असे त्यांना मनापासून वाटे. हे खोटे होते की नाही, ते तपासून बघण्याचीच त्यांना भीती वाटत असावी.

ते आंघोळीला गेले तशी मुलगी बाहेर आली. वय चोवीस.

"आई, उद्यासाठी सैल बाह्यांचा शर्ट काढून ठेव. घट्ट नको. घासतो म्हणतात."

"अगं, नाही म्हण ना."

"नाही म्हणू? चार महिने कांदे चिरतेय मी. शेफची मुलगी म्हणून सोडलं, असं म्हणतील सगळे. आधीच तो वकील मला युवराज्ञी म्हणतो."

वकील म्हणजे शेफच्या हाताखालचा मुख्य माणूस. त्याला कुठल्याही चुकीची बाजू मांडता येते म्हणून हे नाव.

"दुखतं गं," आई म्हणाली.

"तुला काय माहीत? तुला तर ओव्हनचा ट्रे लागला होता."

आईने बाही खाली ओढली. मुलगी पाच वर्षांची असताना तिने आईच्या हातावरच्या कोरीवर बोट ठेवून विचारले होते, "हे काय?" आणि आईने सांगितले होते, ट्रे. मग शेजारणींना सांगितले, ट्रे. आपल्या आईलाही तेच सांगितले. अकरा खुर्च्यांच्या दिवसांत सॉस तीच करी. एकदा तो फुटला, तूप वेगळे झाले, रुमाल चार पदरी झाला, आणि चमचा. रात्रभर तिने स्वतःलाच समजावले होते की ट्रेच होता.

मुलीने नळ सोडला आणि हात थंड पाण्याखाली धरला. सराव करावा तसा. तिचे ओठ पांढरे पडले होते. आईने ते पाहिले, आणि मुलीने आईने पाहिलेले पाहिले.

"मागच्या वर्षी ती केकवाली पोरगी," मुलगी हळूच म्हणाली, "शीतखोलीत जाऊन रडली म्हणे. आठवड्यानं सगळ्यांना दाखवत फिरत होती. होतं ते, आई. सवय होते."

तेवढ्यात न्हाणीघराचे दार वाजले. मुलीने नळ बंद केला.

साडेतीनला बायकोला टेबलावर शेफचा चष्मा दिसला. विसरला होता. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. मग तिने तो पर्समध्ये टाकला. चष्मा द्यायला जाणे यात वावगे काही नाही, असे ती रस्ताभर मनाशी घोकत होती. त्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने ती गेल्या पंधरा वर्षांत आत गेली नव्हती.

भांडी घासणाऱ्या मावशींनी तिला ओळखले. "वहिनी? तुम्ही? आज नका येऊ आत. आज..."

"माहितेय मावशी. चष्मा द्यायचाय."

"चष्मा घालून हे बघायचंय होय त्यांना?" मावशी पुटपुटल्या आणि लगेच मागे वळून कुणी ऐकले नाही ना ते पाहिले.

आत सगळे लखलखीत होते. पोलादाच्या टेबलावर एक दांड्याचे पातेले नुकतेच ओव्हनमधून बाहेर आले होते आणि त्याच्या दांड्यावर चिमूटभर पीठ होते. हा शेफनीच घालून दिलेला, भिंतीवर लिहून लावलेला नियम. तापलेले भांडे दिसायला थंडच दिसते; म्हणून ज्याने ते बाहेर काढले त्याने दांड्यावर पीठ टाकायचे. पीठ दिसले की हात नाही. आणि ते पीठ ज्याने टाकले त्यानेच पुसायचे, दुसऱ्या कुणी नाही, खुद्द शेफनीही नाही. एका मासिकात या नियमावर अख्खे पान आले होते: माणसांची एवढी काळजी घेणारा शेफ विरळा.

चारला सगळे रांगेत उभे राहिले.

"जागेवर!" शेफ म्हणाले.

"ऐकलं!" एका आवाजात सगळे. ही त्या स्वयंपाकघराची रीत होती. बाहेर दालनात हा आवाज जाई आणि पाहुणे खूश होत. जेवणाला ते जणू पार्श्वसंगीत वाटे.

बायको मागच्या दाराशी, पिठाच्या डब्यांच्या फळीला टेकून उभी राहिली. कुणाचे तिच्याकडे लक्ष नव्हते. सगळ्यांचे डोळे शेफच्या खांद्यावर होते. रुमाल खाली आला. एक घडी. दुसरी घडी. चार पदरी.

चमचा आचेवर गेला.

मुलगी पुढे झाली. तिने बाही वर केली. तो हात तिने दुसऱ्या हाताने घट्ट धरला. वकील तिच्या कानाशी म्हणाला, "श्वास सोडत राहा, ताई. वर बघू नका. मी वर बघितलं होतं." या वेळी त्याने युवराज्ञी म्हटले नाही.

"अहो," मागून आवाज आला.

सगळे वळले. बायको दोन पावले पुढे आली होती. "चष्मा," ती म्हणाली. एवढेच तिने पाठ केले होते.

शेफनी चमचा टेबलाच्या कडेवर ठेवला. "ठेव तिथं. आणि घरी जा."

ती गेली नाही. तिला जायचे होते. पाय निघाले नाहीत. तिने उजवी बाही वर केली आणि नवऱ्याला नव्हे, मुलीला हात दाखवला.

"हा ट्रे नव्हता गं. मी खोटं सांगितलं. सगळ्यांना सांगितलं."

मुलगी त्या कोरीकडे बघत राहिली. मग आपल्या बाजूला उभ्या असलेल्या वकिलाच्या मनगटाकडे. तोच आकार.

"घरच्या गोष्टी घरी," शेफ म्हणाले. आवाज चढला नव्हता. तो कधीच चढत नसे, म्हणूनच तो ऐकून माणसे गार पडत. त्यांनी पोरीकडे वळून म्हटले, "हात."

मुलीने हात पुढे केला नाही. ती वडिलांच्या हातातल्या रुमालाकडे बघत होती. इतकी वर्षे ती त्या घड्यांना भीत आली. त्या कशासाठी असतात, हे तिला आत्ता कळले. चमच्याचा दांडाही तापतो. स्वतःचा तळवा वाचावा म्हणून चार पदर.

"बाबा," ती म्हणाली. स्वयंपाकघरात तिने हा शब्द कधी वापरला नव्हता. "रुमालाशिवाय धरा ना. मग मी हात देते."

कुणीतरी श्वास ओढल्याचा आवाज आला. शेफ रुमालाकडे पाहू लागले, जणू तो दुसऱ्या कुणी त्यांच्या हातात ठेवला होता. पण तेवढ्यापुरतेच. त्यांचा हात चमच्याकडे निघाला.

आणि बायकोने मागे वळून फळीवरच्या डब्यात हात घातला, तशीच पुढे येऊन चिमूटभर पीठ चमच्याच्या दांड्यावर टाकले.

पीठ दिसले की हात नाही.

शेफचा हात हवेत थांबला. बावीस माणसे पाहत होती. नियम मोडायचा तर तो या बावीस जणांसमोर, त्यांनीच भिंतीवर लिहून लावलेल्या अक्षरांखाली मोडायचा.

"पूस," ते म्हणाले.

"नाही पुसणार," बायको म्हणाली. "मी टाकलंय. मी पुसेन तेव्हाच."

शेवटी त्यांनी रुमाल खांद्यावर टाकला. नीट बसला नाही. खाली घसरला, आणि तो उचलायला कुणी वाकले नाही.

"कामाला लागा," शेफ म्हणाले.

सगळे कामाला लागले. पण "ऐकलं" कुणी म्हणाले नाही. ते बावीस तोंडांपैकी एकाही तोंडातून निघाले नाही. शेफनी पुन्हा म्हटले, "कामाला लागा," आणि या वेळी त्यांच्याच आवाजात काहीतरी कापले. मुलीने बाही खाली केली, चुलीपाशी जाऊन सॉसचे भांडे ठेवले. सहीशिवाय. वकील सरकला आणि त्याने तिला जागा दिली.

बायको एका उलट्या क्रेटवर बसून होती. आज घरी काय होईल, उद्या काय होईल, या विचारात तिने बोटांवरचे पीठही झटकले नव्हते. मावशींनी वाकून विचारले, "वहिनी, गार झाला असेल चमचा. घासून टाकू का?"

"नको," ती म्हणाली. "राहू दे दिसत."

सात वाजता बाहेर दालनात दिवे लागले. पहिल्या टेबलावरचे गृहस्थ बरेचदा येणारे होते. आपल्या पाहुण्यांना ते कौतुकाने सांगत होते की इथे आतून कसा एका सुरात आवाज येतो, नुसता ऐकावा असा. वाट पाहून त्यांनी वाढणाऱ्याला विचारले, "काय हो, आज आतून आवाज नाही? काही बिघडलंय का?"

वाढणारा हातात ताट घेऊन उभा होता. ताट ठेवायला तो पुढे वाकला तशी त्याची बाही चार बोटे वर सरकली. त्या गृहस्थांनी ती कोर पाहिली. नक्की पाहिली. मग त्यांनी मान खाली घातली आणि काटा उचलला.